पेटी गच्चीवर की टेबलावर?

सोलापूरकराला गच्ची कशाला लागते हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने उन्हाळ्यात आमच्याकडे यावे. मार्च महिना सरू लागला की कुरडया, सांडगे, पापड यांची वाळवणे वर जातात. एप्रिल उजाडला की त्यांच्यामागोमाग अंथरुणेही जातात. मुलांचे क्रिकेट, लग्नघरची पंगत, पाण्याच्या टाकीवरून होणारे भांडण आणि त्या भांडणाचा समेट, एवढे सगळे त्या एका सिमेंटच्या चौकोनावर उरकते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मात्र याखेरीज आणखी एक वस्तू आहे. मधोमध लोखंडी नळाचा एक उंच खांब, त्याच्या टोकाला कप्पी, आणि कप्पीपासून दोन्ही बाजूंना उतरत गेलेली, मिळून वीस मीटर लांबीची तांब्याची तार. नवा भाडेकरू राहावयास आला म्हणजे पहिल्याच आठवड्यात विचारतो, "ही कपडे वाळत घालायची दोरी इतक्या उंच कुणी बांधली हो?"

आम्ही राहतो जुळे सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या अंगाला. तळमजला आणि वर तीन मजले अशी ही जुन्या घडणीची, लिफ्ट नसलेली इमारत. तार आहे ती तळमजल्यावरच्या काकांची. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्यांनी वरची जागा सोडून खालची घेतली. परंतु तार काही तळमजल्यावर आणता येत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे गच्चीला लागून. त्यामुळे महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे या तारेची देखभाल आपोआप आली. "सर, जरा वर जाऊन बघता का?" असा काकांचा फोन आला की वर जावयाचे आणि दोरी ताणली आहे की सैल पडली आहे ते सांगावयाचे, एवढीच प्रथम माझी कामगिरी होती. पुढे या बिनतारी प्रकरणात मी किती गुंतत गेलो ते या लेखावरून दिसेलच.

काका आहेत हौशी बिनतारीवाले, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा द्यावयाची, परवाना घ्यावयाचा, 'व्हीयू'पासून सुरू होणारे एक सांकेतिक नाव मिळवावयाचे आणि मग आपल्या घरातल्या संचावरून लघुलहरींवर बोलावयाचे, असा हा छंद. यात पैसा मिळवावयाचा नसतो. मिळवू देतही नाहीत. आपल्या देशात हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी त्याचा श्रीगणेशा केला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने सगळ्या हौशी लोकांचे परवाने रद्द करून त्यांचे प्रक्षेपक जमा करण्याचे फर्मान काढले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत गुप्तपणे चालविलेला काँग्रेस रेडिओ आपण सगळ्यांनी ऐकून-वाचून माहीत करून घेतला आहे. त्याची लहर ४२.३४ मीटरांची होती. तीनशेला त्या आकड्याने भागले की ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. काकांचा संध्याकाळचा अड्डा आज नेमका त्याच्याच शेजारी, ७.१ मेगाहर्ट्झवर, भरतो. पुढच्या काळात राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते. त्यांचे सांकेतिक नाव 'व्हीयू टू आरजी'.

आता तारेकडे वळू. या तारेला डायपोल म्हणतात. मधोमध तोडलेली एक सरळ तार, आणि तोडलेल्या जागी खालून येणाऱ्या केबलची दोन टोके दोन तुकड्यांना जोडलेली. लांबीचा हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल: १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे म्हणजे तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ने भागले तर वीस मीटर, म्हणजे एकेक बाजू दहा मीटरची. एवढी लांबी असली की ती तार ७.१ मेगाहर्ट्झच्या लाटेला तंबोऱ्याच्या तारेसारखी आपसूक झंकारते. गच्ची अठराच मीटरांची असल्याने काकांनी मधला भाग उंच करून दोन्ही बाजू उतरत्या ठेवल्या. नांगरलेल्या शेतासारखी सरळ तार हवीच, असा तिचा हट्ट नसतो.

येथवर सारे सोपे आहे, आणि कुणी जन्मभर ७.१ वरच बोलावयाचे ठरविले तर पुढचा लेख वाचण्याची त्याला गरज नाही. त्याच्या तारेला कसलीही पेटी लागत नाही. पंचाईत सुरू होते ती माणसाचे मन एका लहरीवर न रमल्यामुळे. युरोपातल्या कुणाशी बोलावयाचे तर १४ मेगाहर्ट्झ बरे. रात्री लातूर, बीड, पुण्याशी बोलावयाचे तर ३.५ हवे. आणि तार तर एकच. वाचकांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना दूरदर्शनच्या जुन्या दिवसांत गच्चीवर चढून अँटेना फिरविल्याचे आठवत असेल. वरून एकाने ओरडावयाचे, "आलं का?" आणि खालून दुसऱ्याने, "मुंग्या आहेत अजून, थोडं डावीकडे!" तेथे दिशा जुळवावयाची असे. येथे लांबी जुळवावयाची आहे, आणि तार काही दर तासाला कापून-जोडून घेता येत नाही.

म्हणून ही पेटी. तिला इंग्रजीत अँटेना ट्यूनर म्हणतात. मराठीच्या माणसाला या नावाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ट्यूनर म्हणजे सूर लावणारा. परंतु ही पेटी तारेचा सूर मुळीच बदलीत नाही. वीस मीटरची तार वीस मीटरचीच राहते. पेटीच्या आत असतात तांब्याच्या गुंडाळ्या आणि धारित्रे. यांची वजाबाकी-बेरीज करून ती तारेचे आडमुठे वागणे संचाला मानवेल अशा रूपात मांडते. लग्न जुळविणारा मध्यस्थ जसे मुलाकडचे म्हणणे मुलीकडे वेगळ्या शब्दांत सांगतो आणि मुलीकडचे मुलाकडे, तसा हा प्रकार. मध्यस्थाने मुलाची उंची वाढत नाही. तिला 'जुळवणी' म्हणावे असे मी काकांना सुचविले. काका म्हणाले, "जुळे सोलापुरात जुळवणी! म्हणा, काय हरकत आहे?" परंतु तेही पेटीच म्हणतात आणि मीही.

वाद आहे तो ही पेटी ठेवावयाची कोठे, याचा. सोयीची जागा उघड आहे: टेबलावर, संचाच्या शेजारी. चहाचा पेला बाजूला सारून हात पुढे केला की दोन खुंट्या फिरवता येतात. समोरच्या मीटरचा काटा हळूहळू उतरत एकावर येतो आणि मन प्रसन्न होते. काकांची पेटी कित्येक वर्षे तेथेच होती. आणि कित्येक वर्षे त्यांची एकच तक्रार होती: "सर, मला सगळे ऐकू येतात, पण मी कुणाला ऐकू जात नाही."

या वाक्यातच सगळे कोडे आहे. आमच्या इमारतीत संच तळमजल्यावर आणि तार गच्चीच्याही वर. दोहोंना जोडणारी केबल भिंतीवरून चढत, कठड्यावरून वळत जाते आणि तिची लांबी तीस मीटर, म्हणजे शंभर फूट भरते. ही केबल ५० ओहमची. तारेचे वागणे ५० ओहमच्या जवळपास असेल तर वर चढलेली शक्ती तारेत शिरते आणि आकाशात जाते. तसे नसेल तर बराचसा भाग तारेच्या दारावरून परत फिरतो. परतलेली लाट खाली पेटीपाशी येते, पेटी तिला पुन्हा वर पाठविते, वरून ती पुन्हा खाली येते. पुष्कळांची समजूत अशी की परत आलेली शक्ती वाया गेली. तसे नसते, पुन्हा पुन्हा दार ठोठावून ती थोडी थोडी आत शिरतच असते. परंतु केबलमधून जाणे-येणे फुकट नाही. वाटेत टोलनाका आहे असे समजा. ज्याला पुण्याला एकदाच जावयाचे त्याने टोल एकदा भरला, काही बिघडले नाही. परंतु ज्याला मुक्कामी दार न उघडल्यामुळे तोच रस्ता पंधरा-वीस वेळा तुडवावा लागला, त्याचा खिसा पोहोचण्याआधीच रिकामा होतो. शक्तीचा खिसा म्हणजे उष्णता. केबल तापते, इतकेच.

आकडे पाहिल्याशिवाय या गोष्टीवर विश्वास बसत नाही. माझा तरी बसला नाही. काकांनी पाठकोऱ्या कागदावर मला ते मांडून दिले. केबल पातळ, दूरदर्शनच्या केबलसारख्या जाडीची, लांबी तीस मीटर. १४ मेगाहर्ट्झवर सारे काही जुळलेले असले तरी १०० वॅटपैकी सुमारे ६९ वर पोहोचतात. ३१ वाटेत जातात. थोडे बिनसलेले असले, म्हणजे ज्याला हे लोक तीनास एक म्हणतात तसे, तर ५९ पोहोचतात. एवढा फरक ऐकणाऱ्याच्या कानाला कळतसुद्धा नाही, आणि एवढ्यासाठी कुणी गुडघे दुखवीत गच्ची चढू नये. परंतु ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली तार १४ वर वापरली की ती केबलशी साफ फटकून वागते. तिचा विरोध पन्नासांऐवजी काही हजार ओहमांवर जातो. मग त्याच १०० वॅटपैकी वर पोहोचतात जेमतेम आठ. ३.५ वर तर हीच तार निम्म्या लांबीची ठरते आणि हिशेब याहून वाईट होतो. शंभरातला एक वॅटदेखील आकाशात जात नाही.

आणि टेबलावरचा काटा? तो एकावरच. सगळ्यांत मोठी मौज ही आहे. पेटीने संचाचे समाधान केलेले असते. संचापुरते सगळे आलबेल असते. उलट केबल जितकी अधिक शक्ती खाते, तितकी परत येणारी लाट अशक्त होते, मीटर तितका शहाण्यासारखा वागतो आणि टेबलावरच्या पेटीचे काम तितके सोपे होते. आमच्याकडे काही विद्यार्थी वर्गात मान डोलावण्यात पटाईत असतात. उत्तरपत्रिका पाहीपर्यंत शिक्षक खूश. हा काटा त्यांच्यातला.

ऐकताना मात्र असा फरक जाणवत नाही. लघुलहरींवर आभाळातला खरखराट आणि बोलणे हे दोन्ही केबलमध्ये सारख्याच प्रमाणात घटतात. आवाजाची खुंटी जरा वर केली की झाले. म्हणून काकांना सगळे ऐकू येत आणि ते कुणाला ऐकू जात नसत.

आता कुणी म्हणेल, एका निवृत्त गृहस्थाचा आवाज बेळगावच्या दुसऱ्या निवृत्त गृहस्थापर्यंत पोहोचला नाही म्हणून काय जगबुडी झाली? रोजच्या दिवशी काहीच नाही. परंतु सोलापूरच्या माणसाला या बाबतीत ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालत नाही. गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा शाळेत होतो. पेठेतल्या आमच्या घरी मांडणीवरची भांडी खणखणली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. येथून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर किल्लारीत आणि आसपासच्या गावांत, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्या माणसांवर बसली. माणसे हजारोंनी गेली. देशातले हौशी बिनतारीवाले आपापले संच घेऊन त्या भागात मदतीला धावले. २००१ साली भुजला तेच घडले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी केवळ हौसेखातर अंदमानात संच मांडून बसले होते. बेटांचा संपर्क तुटल्यावर तोच संच पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीला निरोप पोहोचवू लागला. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे हे खरे. परंतु मोबाईलच्या मनोऱ्यालाही वीज लागते, आणि त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या धनी असतात.

किल्लारीची ती वेळ ध्यानात घ्यावी. पहाटेचे चार. दिवसा आमच्यापासून लातूर-धाराशिवपर्यंत ७ मेगाहर्ट्झ फार छान चालते. लाट जवळजवळ उभी वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्‌भारित थरावर आदळते आणि छत्रीसारखी आसपासच्या जिल्ह्यांवर उतरते. डायपोल फार उंच नसला तर हे उलट अधिक चांगले साधते, त्यामुळे चार मजली इमारतीची गच्ची या कामी पुरेशी आहे. परंतु रात्री तो थर विरळ होतो. ७ ची उभी लाट बहुधा त्याला भेदून अवकाशात निघून जाते. जवळच्या माणसासाठी ३.५ वर उतरावे लागते. म्हणजे ज्या वेळी गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वेळी अशी लहर वापरणे भाग, जिच्यासाठी ही तार अपुरी आहे. शिवाय वीज गेलेली. संच बॅटरीवर. बॅटरी टिकावी म्हणून शक्ती वीस वॅटवर आणलेली. वीस वॅटमधले शंभरास एकही नाही, म्हणजे वर जाणार किती? पंचमांश वॅट. हातातल्या बॅटरीच्या दिव्यालाही याहून अधिक लागते.

काकांनी हा हिशेब मला एका पावसाळी संध्याकाळी सांगितला, आणि पेटी वर न्यावयाची हे त्याच संध्याकाळी ठरले.

वर म्हणजे नेमकी कोठे, हा दुसरा प्रश्न. तत्त्व पाहिले तर तारेच्या अगदी मधोमध, केबल जेथे जोडली जाते तेथे. बेबनाव जेथे आहे तेथेच मध्यस्थ हवा. मग केबलमध्ये परतीची लाट जवळजवळ उरतच नाही. परंतु तत्त्वाला वजन नसते, पेटीला असते. दोन-अडीच किलोची पेटी तारेच्या मध्यावर टांगली की तार गळ्यात हंडा बांधल्यासारखी झुकते, वादळात झोके घेते आणि बिघाड झाला म्हणजे प्रत्येक वेळी सगळा डायपोल खाली उतरवावा लागतो. खांब भक्कम असेल तर खांबाच्या डोक्यावर बसविता येते. आमचा खांब नळाचा. शिवाय वर चढणार कोण? मी मराठीचा अध्यापक आहे.

तडजोड निघाली ती अशी. पेटी खांबाच्या पायथ्याशी, जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर. तळमजल्यावरून पेटीपर्यंत केबल. पेटीपासून तारेच्या मध्यापर्यंतचे शेवटचे अंतर मात्र केबलने तोडावयाचे नाही. तेथे दोन उघड्या तारा, एकमेकींपासून चार बोटे दूर, मध्ये दर फूट-दीड फुटावर प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे. दिसावयास नेमकी दोरीची शिडी. जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाला जी चपटी फीत असे, तिची ही थोरली बहीण. या शिडीचा गुण असा की तिच्यातून लाट कितीही वेळा वर-खाली गेली तरी टोल अगदी किरकोळ. दोन तारांमध्ये हवाच आहे, तापणार काय? १४ मेगाहर्ट्झवर तिच्यात शंभरातले फार तर चार-पाच जातात. ३.५ वर थोडे अधिक. पेटीच्या गुंडाळ्याही तापतात, त्यांचा वाटा वेगळा. खालची केबलही काकांनी बदलून जाड आणली. सगळी वजाबाकी करून १४ वर शंभरातले सत्तरच्या आसपास आणि ३.५ वर तीस-चाळीस आकाशात जातात, असा आमचा हिशेब आहे. बॅटरीवरच्या वीस वॅटचे सहा-आठ म्हणजे पंचमांशाच्या तीस-चाळीस पट.

शिडी जर एवढी गुणाची तर ती थेट तळमजल्यापर्यंतच का आणू नये आणि पेटी टेबलावरच का ठेवू नये? हा प्रश्न मीच विचारला होता, आणि काका म्हणाले की जुन्या पिढीतले लोक असेच करीत. ज्यांचे स्वतःचे घर आहे, खिडकीबाहेर झाड आहे आणि झाडावर तार आहे, त्यांनी आजही खुशाल असेच करावे. त्यांच्या टेबलावरच्या पेटीला कुणी नावे ठेवू नयेत. परंतु शिडीला अंग चोरून चालता येत नाही. लोखंडी गजांना, पाण्याच्या नळांना, ओल्या भिंतीला ती खेटली की तिचा स्वभाव बिघडतो. केबल मात्र भिंतीला चिकटून, नळाशेजारून, कशीही जाते. चार बिऱ्हाडांच्या बाल्कन्यांसमोरून उघड्या तारांची जोडी खाली सोडणे आमच्या सोसायटीत शक्य नव्हते. तेव्हा मोकळ्या हवेत शिडी आणि भिंतीवरून केबल, आणि जेथे एकीचे राज्य संपून दुसरीचे सुरू होते त्या सीमेवर पेटी. मला हीच व्यवस्था सर्वांत पटते. जागा बदलली तर उत्तर बदलेल. परंतु आपली केबल कोठे संपावी हे आधी ठरवावे, म्हणजे पेटीची जागा आपोआप ठरते.

एक अडचण उघड आहे. पेटी वर गेली तर खुंट्या कोण फिरविणार? दर वेळी मी? यासाठी स्वयंचलित पेट्या मिळतात. आत छोटे विद्युत्‌स्विच असतात, ते टकटक आवाज करीत गुंडाळ्या-धारित्रांची निरनिराळी जुळणी करून पाहतात आणि काही सेकंदांत योग्य ती धरतात. त्यांना बारा व्होल्ट लागतात. ते वेगळ्या तारेने न्यावेत किंवा त्याच केबलमधून वर चढवावेत. माझ्या अभ्यासाच्या खोलीच्या बरोबर वर ही पेटी आहे. रात्री उत्तरपत्रिका तपासताना डोक्यावर टकटक झाली की समजावे, काकांनी लहर बदलली.

सोसायटीच्या सभेत या पेटीवर अर्धा तास चर्चा झाली. विरोध होता तो वाळवणांच्या बाजूने, आणि तो रास्त होता. संच बोलत असताना शिडीवर आणि तारेच्या टोकांवर काहीशे व्होल्टांचा दाब असतो. हात लागला तर चटका बसतो, आणि तो बराच खोल जातो. तेव्हा शिडी आणि तारेची दोन्ही टोके उंच माणसाने हात वर केला तरी पोहोचणार नाहीत एवढ्या वर, पेटी कुलूपबंद, आणि वाळवणांची जागा पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, असे ठरले. एका वहिनींनी विचारले, "आमच्या टीव्हीत तुमचं बोलणं येणार नाही ना?" प्रश्न अगदी मर्माचा. शक्ती केबलच्या आतून गेली तर ठीक. परंतु जोडणी नीट नसली की ती केबलच्या बाहेरच्या अंगावरूनही परत उतरते, आणि मग भिंतीवरची सबंध केबलच अँटेना होऊन चारही बिऱ्हाडांशी बोलू लागते. त्यावर उपाय म्हणजे पेटीपाशी केबल फेराइटच्या कड्यातून दहा-बारा वेळा गुंडाळणे. आतल्या प्रवाहाला ते कडे कळतही नाही, बाहेरच्याला ते अडविते. बारा व्होल्टांची तार वेगळी असेल तर तिलाही तसेच कडे हवे. ती विसरली तर चोराला मागचे दार उघडे. वहिनींच्या टीव्हीत काका अद्याप आलेले नाहीत.

उरला तो निसर्ग. सोलापूरचे ऊन काही कुणाची भीड बाळगीत नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात आत काय होत असेल याची कल्पना करावी. पेटी उत्तरेच्या भिंतीवर, वर पांढऱ्या पत्र्याची पडवी, डब्याला खालून दोन भोके: घाम निथळावयास आणि हवा खेळावयास. वरून भोक पाडू नये, पावसाला तेवढेच पुरते. केबलचे तोंड पेटीत खालून शिरावे आणि शिरण्यापूर्वी एक झोळ घ्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. जोडावर रबरी पट्टी घट्ट ओढून गुंडाळावी. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की वरचा सगळा हिशेब कागदावरच राहतो, आणि मीटरचा काटा तेव्हाही शहाण्यासारखाच वागतो. शिडीवर कबुतरे बसतात, पण त्यांना ती आवडत नसावी, लवकर उठतात. पतंगाच्या दिवसांत मांजा अडकतो तो मात्र काठीने सोडवावा लागतो, ओढून चालत नाही.

विजेची गोष्ट निराळी. वळवाचे ढग विजापूरच्या बाजूने काळवंडून येऊ लागले की केबल संचापासून काढून खिडकीबाहेर टाकावयाची, हा काकांचा जुना नियम. परंतु पेटी वर आहे, ती काही खिडकीबाहेर टाकता येत नाही. म्हणून पेटीपाशी शिडीच्या दोन्ही तारा सुट्या करून जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या सळईला जोडता येतील असा एक दोन बाजूंचा खटका बसविला आहे. वीज तारेवरच पडली तर खटका काय करणार, हे काकांनाही माहीत आहे. जवळपास पडलेल्या विजेचा भार मात्र तो जमिनीत नेतो. हे काम दर वळवाआधी गच्चीवर चढून हाताने करावे लागते. टेबलावरच्या पेटीला ही कटकट नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. आमच्याकडे हे काम माझ्या मुलाकडे आहे. तो आता बारावीत आहे आणि ढग पाहून, आईने हाक मारण्याआधी, जिना चढतो. वाळवणे उचलण्याचे कामही त्याच फेरीत होत असल्याने सौ.चा या छंदाला असलेला विरोध पुष्कळच मावळला आहे.

पेटी वर गेल्यानंतर काकांनी पहिली हाक रात्री साडेनऊला ३.५ मेगाहर्ट्झवर दिली. संच बॅटरीवर, शक्ती वीस वॅट, मुद्दाम तशीच. पहिल्या दोन हाकांना उत्तर आले नाही. तिसऱ्या हाकेला मराठवाड्यातल्या एका गृहस्थांनी काकांचे सांकेतिक नाव बरोबर उच्चारले आणि विचारले, "आवाज स्वच्छ येतोय, काका. संच नवीन घेतला काय?"

काका म्हणाले, "संच तोच आहे हो. पेटी हलवली."

"कुठं हलवली?"

मग दोघे पाऊण तास पेटीच्या जागेवर बोलत बसले. त्या गृहस्थांची टेबलावर आहे. त्यांची केबल नऊच मीटरांची, जाड, आणि तार त्यांनी ३.५ साठीच कापलेली. चाळीस मीटरांची, शेताच्या बांधावर. काकांनी त्यांना सांगितले, "तुमची आहे तिथंच राहू द्या."